मागच्या ब्रेकचा हत्ती अखेर सापडला

मंडळी, हत्ती सापडला!!

दिवाळीपासून माझ्या सायकलच्या मागच्या ब्रेकला जो कंठ फुटला होता तो गेल्या रविवारी बंद झाला. कारण इतकं घरगुती निघालं की सांगायला लाज वाटतेय, पण तुम्ही सगळ्यांनी एवढे उपाय सुचवलेत, त्यातले निम्मे मी करून बसलोय, खिसा पण हलका करून घेतलाय, तेव्हा सांगणं भाग आहे.

नव्या लोकांसाठी थोडक्यात. रत्नागिरीजवळच्या उक्षीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, कातळात जो मोठा हत्ती कोरलेला आहे तो कधी ओरडला असता तर असाच ओरडला असता, म्हणून या आवाजाचं नाव हत्ती. मागचा लिव्हर दाबला की आधी थरथर, मग तो भोंगा, आणि ब्रेक म्हणावा तर लागतच नाही. आवाज एक वेळ चालला असता हो, पण आपली घळ माहितीये ना, सड्याच्या कडेवरून खाली पाखाडीपर्यंत (दगडी पायऱ्यांची वाट), सगळा सुटा जांभ्याचा खडा, चाकाखाली गोट्या पसरल्यासारखा, तिथे मागचा ब्रेक धरत नाही म्हणजे थेट करवंदीच्या जाळीत. दोनदा गेलोय. काटे आई सुईने काढत होती आणि वर बोलणी खात होतो ते वेगळंच.

तर पहिल्यापासून.

आधी रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, पुसला. घरात सर्जिकल स्पिरिट होतं ते वापरलं, आणि हा माझा पहिला गाढवपणा, कारण काही सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेल वगैरे मिसळलेलं असतं, त्वचा कोरडी पडू नये म्हणून. लेबल वाचल्याशिवाय रोटरला लावू नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल मागवलं, चकतीला दोन्हीकडून धरणारे पॅड काढून सँडपेपरवर घासले, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या भोवतीचा लाल चिखल इअरबडने काढला, सगळं परत लावून रस्त्यावर वीस-एक वेळा वेग घेऊन ब्रेक दाबत बेडिंग केलं. बुधवारी सकाळी धरणाच्या बांधावरून फेरी मारली तर एकदम गप्प, खूश झालो. रविवारी सड्यावर पोचायच्या आधीच हत्ती हजर.

रेझिन पॅड एकदा तेलकट झाला की स्पंजसारखा पिऊन घेतो, वरून कितीही घासा आतलं तापल्यावर बाहेर येतंच, हे माहीत होतं, म्हणून पॅड बदलले. नवी जोडी. बुधवार गप्प. रविवार हत्ती.

आता मला वाटलं सापडलं. बुधवार म्हणजे सपाट, रविवार म्हणजे घळ आणि पाखाडी, म्हणजे उष्णता. रोटर तापतोय, पॅड ग्लेझ (वरून काचेसारखे गुळगुळीत) होतायत, सरळ हिशोब! मग मेटल पॅड घ्यायचं ठरलं (पावसाळ्यात तसेही रेझिन आपल्या चिखलात फार टिकत नाहीत, जांभ्याचा चिखल म्हणजे ओला पॉलिशपेपरच), तर जुन्या रोटरवर बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं की यावर फक्त रेझिन पॅड चालतील. म्हणजे रोटर पण आला. आणि रोटर घ्यायचाच तर १६० मिलिमीटरचा कशाला, १८० घेऊ, म्हणजे कॅलिपर (पॅड-पिस्टनची डबी) मोठ्या चकतीसाठी बाहेर सरकवणारा अडॅप्टर पण आला. आपल्या छंदात असंच असतं, खिळ्यासाठी नाल आणि नालेसाठी घोडा.

ऑर्डर पुण्याच्या एका दुकानाला दिली, नाव घेत नाही. फोनवर दोनदा सांगितलं की मागच्या पोस्ट माउंटचा (कॅलिपर बसवायची एक पद्धत) १६० ते १८० चा अडॅप्टर पाठवा, त्यांनी पाठवला भलताच. परत पाठवणं, पुन्हा येणं, कुरिअरवाला म्हणतो तुमच्या वाडीत गाडी येत नाही, हायवेवर येऊन घेऊन जा. या सगळ्यात दोन रविवार गेले. शेवटी १८० चा रोटर लावला, सहाही बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले, कॅलिपर मधोमध बसवला, बघायला काय सुंदर दिसतो तो! बुधवारी लोण्यासारखा. रविवारी हत्ती, आणि आता मेटल पॅडवर म्हणजे आवाज आणखी भारदस्त.

त्या दिवशी सायकल घळीच्या तोंडाशी आडवी टाकून कातळावर बसलो होतो बराच वेळ. विकून टाकू आणि मासे गळाला लावायला बसू असंही मनात आलं.

मग तुमच्यापैकी एकाने, चिपळूणच्या भावाने, विचारलं की सायकल टांगतोस कशी? मी पडवीत जागा नाही म्हणून मागचं चाक वर, हँडल खाली अशी वाशाच्या हुकाला टांगतो. त्याचं म्हणणं, ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा असेल तर तो वर चढून कॅलिपरमध्ये जाऊन बसतो. बरोबर आहे, लिव्हर मऊ लागत होता खरा. मग ब्लीड केलं, म्हणजे हवा काढून तेल भरलं, मिनरल ऑइल, सिरिंज, सगळा तमाशा. लिव्हर झकास कडक झाला. हत्ती तसाच.

राहिला कॅलिपरचा सील. पिस्टनच्या कडेने तेल झिरपत असेल तर पॅड कितीही बदला काय उपयोग. यावर साधी टेस्ट आहे, करून ठेवा कधीतरी: चाक आणि पॅड काढायचे, पिस्टनच्या मध्ये स्पेसरचा ठोकळा घालायचा, कडेने टिश्यू पेपरची घडी कोंबायची, लिव्हर रबरबँडने दाबून बांधायचा आणि रात्रभर सोडायचा. सकाळी कागद कोरा. सील शाबूत. म्हणजे तेल सायकलच्या आतून येतच नाहीये.

इथे आमच्या एसटी स्टँडजवळच्या सायकलवाल्या काकांचं एक वाक्य लिहितो. त्यांनी हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर चालणाऱ्या, ब्रेकला आयुष्यात हात लावलेला नाही, दुकानात अजून सळईच्या ब्रेकच्या सायकलीच जास्त असतात, मी सहज सांगितलं तर म्हणाले, "अरे तू नुसतं पुसत काय बसलायस, तेल येतंय कुठून ते बघ." इतके दिवस मी हजारो रुपयांचं सामान मागवत होतो आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

आता मागे वळून बघितलं तर खुणा तीन होत्या आणि तिन्ही मी सोडल्या.

एक, जुने पॅड मी गॅसवर भाजून बघितले होते, तेल जाळून टाकायला. (करू नका, धूर वाईट असतो आणि उपयोग पण होत नाही.) तेव्हा आई माजघरातून ओरडली होती, "खोबरेल कोण तापवतंय रे, पेटेल!" मी म्हटलं काहीतरी काय आई, ब्रेक पॅड आहे. ती म्हणाली बरं बाबा ब्रेक पॅड.

दोन, रविवारी पहाटे सायकल खाली काढताना रोटरवर एका बाजूला पांढुरकी साय दिसायची. मला वाटायचं दव, किंवा अल्कोहोल नीट पुसलं गेलं नसेल. आता सांगा, आपल्याकडे थंडीत पहाटे पांढरं होऊन काय थिजतं? खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, हे कोकणातल्या शेंबड्या पोराला पण माहितीये, बाटली उन्हात नाहीतर चुलीपाशी ठेवायची असते. मला नाही सुचलं.

तीन, रविवार. घळ नव्हे, रविवार. कारण रविवारच्या आधी शनिवार येतो.

गेल्या शनिवारी ऑफिसातून लवकर सुटलो. ओटीवर येतो तर बाबा स्टुलावर उभे, एका हातात पळी, एका हातात खोबरेलाची वाटी, आणि झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालतायत. झोपाळ्याची कडी आणि माझा हुक एकाच वाशाला, मध्ये जेमतेम हात जाईल एवढं अंतर. बाबांची पळी पलीकडच्या कडीकडे जाताना बरोबर माझ्या मागच्या चाकावरून जाते. डोळ्यांसमोर एक थेंब पडला, रोटरवर, टप्प.

"बाबा, हे तुम्ही कधीपासून करताय?"

"दिवाळीपासून. पाहुणे आले तेव्हा केवढा करकरत होता तो, लाज वाटली. आता शनिवारी मारुतीला तेल घालून आलो की कड्यांनाही घालतो. का रे?"

काय बोलणार. झोपाळ्याची करकर बंद झाली ती माझ्या ब्रेकमध्ये राहायला आली, एवढाच दिवाळीपासूनचा सगळा इतिहास. मी सांगितल्यावर बाबा आधी गंभीर झाले, मग म्हणाले, "पण झोपाळा आता वाजत नाही बघ."

पुढचं पटापट. रोटर काढून गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने धुतला, वाळवून वर अल्कोहोल. पॅड नवे (हो, आणखी एक जोडी, मेटल पॅड पण फेकले, मेटल घासून वाचतात म्हणतात पण मला आता जोखीम नको होती). कॅलिपर आतून पुसला. सायकल पडवीतून हलवून रिकाम्या गोठ्यात. आणि रविवारी सकाळी सडा.

काय सांगू. गवत सगळं पिवळं पडलंय, कलमांना मोहोर आलाय त्याचा वास थेट वरपर्यंत, आणि सायकलचा आवाज म्हणजे फक्त मागच्या चाकातल्या फ्रीहबची टिकटिक आणि टायरखालचे खडे. घळीच्या तोंडाशी थांबलो, सॅडल खाली घेतला, वजन मागे, आणि सोडलं. पहिल्या वळणावर मागचं चाक थोडं सरकलं पण ब्रेक धरत होता, एका बोटावर, पाहिजे तेवढाच, मग तो तीन चिऱ्यांचा ड्रॉप जिथे मी दर वेळी पाय टेकवतो, तिथे या वेळी विचार करायच्या आत खाली होतो. पुढे पाखाडीच्या पायऱ्या, एकेक करत, आणि खाली मळ्यात. वरपासून खालपर्यंत एकदाही पाय न टेकता. पहिल्यांदा. जानेवारी २०२३ पासून ही घळ करतोय मी! मळ्याच्या बांधावर उभा राहून एकटाच हसत होतो, वांग्यांना पाणी घालणाऱ्या बाईंना वाटलं असेल डोकं फिरलंय.

एक भानगड मात्र झाली. आमच्या सड्यावर गुरं घेऊन येणारे आजोबा आधी हत्ती ऐकून लांबूनच गुरं बाजूला घ्यायचे. परवा मी गपचूप मागून आलो आणि ते केवढ्यांदा दचकले, म्हशी एकीकडे, आजोबा एकीकडे. म्हणाले, "बोंब मारत ये की रे पूर्वीसारखा." त्यामुळे घंटी लावलीये, पितळी, छोटी. कार्बन हँडलवाल्यांनी हसू नये.

अजून एक, सड्यावरची लाइन (सायकल न्यायची वाट) बदललीये, नकाशावरचा ट्रॅक नवा टाकतो. उक्षीच्या हत्तीभोवती गडगा आहे म्हणून तो तरी दिसतो, पण सगळ्याच कातळशिल्पांना कुंपण नाही, आणि गवत वाढलं की कोरलेला चर कुठे आहे कळत नाही. उक्षी धरून कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत, तिथे आपल्या टायरचा छाप सापडायला नको. कातळ दिसायला कडक असला तरी वरचा पापुद्रा सुटतो, आपल्या घळीत बघतोच की. आपली लाइन आता गुरांच्या वाटेनेच जाईल, थोडी लांब पडते, पडू दे.

पुढचा बेत आंबा घाटाच्या बाजूला जायचा होता, तो मागे घेतोय. घाटात नव्या पॅडची परीक्षा बघायला हरकत नाही, पण ट्रकच्या धुरात तीन तास चढायचं आता मन होत नाही. त्यापेक्षा रेल्वेने कुडाळ आणि तिथून नेरूरपारमार्गे धामापूरचा तलाव. १५३० सालचा तलाव म्हणतात, २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून मान पण मिळालाय, काठावर भगवतीचं देऊळ, आणि भोवतीच्या झाडीत सावली. मालवणकडचे कोणी असाल तर तलावाच्या मागच्या अंगाला सायकल जाईल अशी वाट आहे का तेवढं सांगा, नसेल तर उचलून घेऊ. पाण्यात उतरणार नाही, काळजी नको.

आणि हे लिहिता लिहिताच एक सुचलं. उष्णता हे कारण नव्हतंच, तर १८० चा रोटर मागे कशाला? खरं काम पुढचा ब्रेक करतो. तो पुढे लावायचा, आणि पुढचा १६० मागे घ्यायचा, तो मेटल पॅड चालणारा आहे का ते आधी बघतो. माझा मागचा अडॅप्टर फोर्कला (पुढच्या चिमट्याला) बसला नाही तर मात्र वेगळा लागेल. म्हणजे परत पुण्याला फोन. नको. कुणाकडे पुढचा १६० ते १८० पोस्ट माउंटचा अडॅप्टर पडून असेल तर कळवा, बदल्यात माझ्याकडचा मागचा देतो, शिवाय काजूगर देतो. आणि हो, माझ्या फोर्कला १८० चालतो का ते मी कागदपत्रात बघतोय, पण त्याच्या आधी कुणी लावला असेल तर तुमचा अनुभव लिहा.

गोठ्यात आत्ता जाऊन बघून आलो. सॅडलवर कोंबडी बसलीये.