बियांची द्राक्षं

आमच्या घरात द्राक्ष म्हणजे थॉमसन. लांबट, पिवळसर आणि मुख्य म्हणजे बिनबियांची. अण्णांची, म्हणजे माझ्या काकांची, सगळी हयात विरळणी करण्यात आणि घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या, पाण्यात बुडवण्यात गेली. मणी फुगला पाहिजे, सालीवर डाग नको. त्यामुळे चुलतभावाने दिंडोरीकडच्या डोंगरउतारावर वाइनरीसाठी शिराज लावली आणि पहिला घड घरी आणला, तेव्हा अण्णांनी तो उलटसुलट करून विचारलं, "ही द्राक्षं म्हणायची का करवंदं?"

यंदा फेब्रुवारीत अण्णांना तोडणीला घेऊन गेलो. पहाटे पाचला, कानटोपी घालून. माल गार असतानाच वाइनरीत पोचला तर वास टिकतो, म्हणून ही घाई. सुरगाणा-पेठकडून आलेल्या बायका डोक्याला बॅटऱ्या लावून ओळीओळीने पुढे सरकत होत्या. कात्रीची कचकच, कॅरेट सरकवल्याचा आवाज, मधेच कुणाचं तरी खोकणं. रामशेजचा माथा हळूहळू अंधारातून सुटा होत होता.

खरा छळ तोडणीचा नाही, तिच्या आधीच्या पंधरा दिवसांचा. खायची द्राक्षं अठरा ब्रिक्सच्या (हे रसातल्या साखरेचं माप) आसपास गोड झाली की व्यापारी दारात. इथे तेवीसपर्यंत थांबायचं, आणि तेही आंबटपणा पार उतरण्याआधी गाठायचं. भाऊ रोज साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून उभा. आभाळ आलं की घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. युरोपातली वेल थंडीत पानं गाळून झोपते, वर्षातून एकदा छाटली की झालं. आपल्याकडे तिला झोपच नाही. एप्रिलमध्ये खरडछाटणी, पाऊस सरल्यावर फळछाटणी. दोनदा कापायची आणि पीक एकदाच घ्यायचं.

वाइनरीत वजनकाट्याशी मधमाश्यांचा नुसता बाजार भरलेला. तिथल्या पोराने एक काळा मणी पांढऱ्या रुमालावर चिरडून दाखवला. रस जवळजवळ बिनरंगी! रंग सगळा सालीत. म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात आणि वर तरंगून आलेला सालींचा थर रोज खाली दाबतात. मग त्याने बी काढून अण्णांच्या तळहातावर ठेवली. "चावून बघा, बाबा. हिरवी असती तर तुरट लागली असती. ही तपकिरी झालीय, म्हणजे माल तयार."

अण्णांनी बी चावली. मग दुसरी. जन्मभर जी नको म्हणून झटले, तिच्यावर जिभेने निवाडा देत होते.

गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे वाइनची चव घेण्याचा प्रश्नच नव्हता. कुणी आग्रहही केला नाही. पण निघताना त्यांची नजर मागच्या बाजूला, आधीच्या लॉटच्या गाळून उरलेल्या चोथ्यावर गेली. "याचं काय करता?" खतात जातो म्हटल्यावर त्यांनी भावाकडे पाहिलं. रिकाम्या कॅरेटांबरोबर पाच-सहा गोण्या पिकअपमध्ये चढल्या.

अण्णा पुढे, ड्रायव्हरशेजारी. गावच्या चौकात चहाला थांबलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि गोण्यांचा घमघमाट सुटला होता. पारावरचे त्यांचे भजनी मंडळातले सोबती उठून जवळ आले, हुंगले, अण्णांच्या माळेकडे पाहिलं.

"काय अण्णा, सकाळी सकाळीच?"