खोलीला एक मत

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाची वार्षिक सभा आषाढातल्या एखाद्या रविवारी सकाळी दहाला भरायची. जिन्याखालच्या फळ्यावर आठवडाभर आधी खडूने विषय लिहिलेले असत : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, वर्गणीचा दर, कार्यकारिणीची निवड आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. पुढे मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. संसद आणि विधिमंडळाच्या कामकाजाबद्दल वर्गात बोलताना माझ्या डोळ्यांपुढे असायची ती ही सभा.

दहाला कोरम कधीच भरत नसे. मग अध्यक्ष रीतसर उभे राहून सभा अर्धा तास तहकूब करत आणि साडेदहाला तीच माणसं त्याच जाजमावर तहकूब सभा भरवत. तिला कोरमची अट नसे. मधल्या अर्ध्या तासात चहा फिरायचा आणि कोण कार्याध्यक्ष व्हायला तयार आहे, कोण रुसलंय, कोणाला समजावायला हवं, हे सगळं गॅलरीच्या कठड्याला टेकून उरकायचं.

बाबा बरीच वर्षं चिटणीस होते. लाल कापडी बांधणीच्या लांबट वहीत ते सूचक, अनुमोदक लिहीत आणि विरोध करणाऱ्याचं कारणही न चुकता नोंदवत. हरलेल्या बाजूचं म्हणणं वहीत आलं नाही, तर ती माणसं पुढच्या वर्षी सभेला येत नाहीत, असं ते म्हणायचे. जमाखर्चाच्या वेळी खजिनदार मांडव, मूर्ती, रोषणाई, प्रसाद, विसर्जनाची हातगाडी असा एकेक आकडा वाचत. लोक खोदून खोदून विचारत आणि खजिनदार पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती उलगडून दाखवत. त्यात कोणाला अपमान वाटत नसे. जवळच्याच केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, त्या परंपरेचा आम्हा सगळ्यांना अभिमान होता आणि हिशेब चोख ठेवणं हा त्या अभिमानाचाच भाग होता.

एक गोष्ट मात्र खटकायची. वर्गणी खोलीमागे होती, म्हणून मंडळाच्या घटनेप्रमाणे मतही खोलीमागे एकच. ते घरातला कर्ता पुरुष देई. बायका गॅलरीतून ऐकत. चौदा नंबरच्या काकूंची खोली त्यांच्या स्वतःच्या नावावर होती, त्यामुळे जाजमावर बसणाऱ्या त्या एकट्या. घरगुती खानावळ चालवायच्या, पहाटे चारपासून कामाला लागायच्या. एका वर्षी आयत्या वेळच्या विषयांत त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नळाला पाणी पहाटे येतं. मांडवाचे बांबू नेमके नळाच्या वाटेत रोवतात. अंधारात हंडे-कळश्या घेऊन त्यांतून वाट काढायची आम्ही आणि मांडव कुठे घालायचा ते ठरवणार तुम्ही. मत माणशी करा." नंतर सभा दुपारचं जेवण लांबेपर्यंत चालली. वर्गणी एक आणि मतं पाच, हे कसं, असा मुख्य आक्षेप होता. ठराव पडला. पण बाबांनी काकूंचं म्हणणं शब्द न् शब्द लिहून घेतलं होतं आणि पुढच्या वर्षी इतिवृत्त वाचताना ते सगळ्यांना पुन्हा ऐकावं लागलं. या वेळी गॅलरीतल्या बायका खाली येऊन बसल्या होत्या. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक रहिवाशाला मत, अशी दुरुस्ती झाली. (तेव्हा देशातही मतदानाचं वय एकवीसच होतं, ते अठरावर आलं १९८९ मध्ये.) मांडव चार हात सरकला आणि नळाची वाट मोकळी झाली.

इंग्रजांच्या काळात १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी मताधिकार मालमत्ता, कर, शिक्षण यांना बांधून ठेवला होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तो प्रत्येक प्रौढ माणसाला मिळाला. मुलांना ही उडी केवढी मोठी होती हे नुसत्या सनावळ्यांनी कळत नाही. काकूंचा नळ सांगितला की कळायचं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की राजकारणात आपण समान होऊ, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. ते भाषण शिकवताना मला दर वर्षी ती गॅलरी आठवे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या २०११ मध्ये. सरपंच म्हणजे फक्त सहीपुरती, असं कोणी सहज म्हणालं की मला राग येतो. सहीपुरती आलेली बाई दुसऱ्या वर्षी पाण्याचा प्रश्न विचारते, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय.

सभा संपली की कांदाभजी यायची आणि सकाळी तावातावाने भांडलेले दोघे एकाच कागदातली खात बसायचे. हे मला फार आवडायचं.

आता मी उपनगरातल्या सोसायटीत राहते. इथली वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होते आणि पहाटेच्या फेरफटक्यात तिच्याबद्दल बरंच बोलणं होतं. सभेला येणारे मात्र थोडे. मी अहवाल पूर्ण वाचून जाते. घरकामाला येणाऱ्या बायकांना मोठी लिफ्ट वापरायला मनाई आहे. ती उठवावी, असा ठराव मी या वर्षी लेखी दिला आहे. अनुमोदक म्हणून तळमजल्यावरच्या मुलीने सही केली आहे आणि आणखी चार घरांशी माझं बोलणं चालू आहे.