जनरलचा अभ्यास आणि गच्चीवरची तार

रविवार, रात्र

हौशी (हॅम) रेडिओचा रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या श्रेणीचा, परवाना आणि व्हीयू३ने सुरू होणारी कॉल साइन, म्हणजे स्थानकाचे ओळखनाव, हाती आल्यापासून पुढे वरच्या श्रेणीची जनरलची, म्हणजे व्हीयू२ची, परीक्षा द्यायची हे ठरलेलेच होते. त्यासाठी तीच प्रकरणे पुन्हा वाचताना जाणवते आहे, की पहिल्या खेपेस पाठ केलेले बरेचसे मला कळू लागले ते परवाना मिळाल्यानंतरच.

आज गच्चीवर चाळीस मीटर पट्ट्यासाठी (सुमारे चाळीस मीटर तरंगलांबीच्या, ७ मेगाहर्ट्झलगतच्या लहरींसाठी) अर्धतरंग डायपोल, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची तारेची अँटेना, बांधला. १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तारेची लांबी मीटरमध्ये मिळते; ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती २०.१ मीटर येते आणि परीक्षेत तेवढे उत्तर पुरते. परंतु घरगुती वायरिंगची प्लास्टिक वेष्टनाची तार घेतली, की त्या वेष्टनामुळे अनुनाद (तार सर्वांत चांगला प्रतिसाद देते तो बिंदू) अपेक्षेपेक्षा खालच्या वारंवारतेवर येतो, आणि गच्ची, टाकी, कठडा हेही आपापल्या परीने ढवळाढवळ करतात. म्हणून तार आधी लांब ठेवून दोन्ही टोकांनी सारखी कापत गेलो, तसा अ‍ॅनालायझरवरील एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याच्या मापाचा) सर्वांत खालचा बिंदू हळूहळू वर, ७.१ कडे सरकत आला. लांब अँटेना इंडक्टिव्ह आणि आखूड अँटेना कपॅसिटिव्ह, हे वाक्य मी पूर्वी नुसते घोकले होते. आज रिअॅक्टन्सच्या आकड्याचे चिन्ह (इंडक्टिव्ह असताना अधिक, कपॅसिटिव्ह असताना उणे) बदलताना पाहिल्यावर ते घोकण्याची गरजच उरली नाही.

संध्याकाळी ऐकत बसलो, आणि खरे शिक्षण तिथे झाले असे म्हणेन. दिवसा याच पट्ट्यावर कोल्हापूर, सोलापूर, हैदराबादकडची स्थानके ऐकू येतात. सूर्यास्तानंतर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा, लहरी शोषून घेणारा डी थर विरून जातो आणि दूरचे आवाज वर येऊ लागतात. पण पुढे लहरी परत खाली वळवणाऱ्या वरच्या एफ थरातील इलेक्ट्रॉनांची घनताही कमी होत गेली, की जवळजवळ सरळ वर गेलेल्या लहरी परावर्तित न होता थर भेदून निघून जातात. परिणामी आग्नेय आशियातील स्थानक स्पष्ट ऐकू येत असताना शेजारच्या जिल्ह्यातील स्थानक पूर्णपणे नाहीसे होते. ‘स्किप झोन’ची, म्हणजे मधल्या या निःशब्द क्षेत्राची, व्याख्या लिहिणे सोपे आहे, परंतु दुपारी जोरात येणारा ओळखीचा आवाज काही तासांत बुडताना ऐकला, की क्रांतिक वारंवारता (सरळ वर गेलेली लहर ज्या वारंवारतेपर्यंत परत येते ती मर्यादा) म्हणजे काय हे निराळ्याने समजावून घ्यावे लागत नाही.

सगळेच असे सरावाने येते, हे मात्र मला मान्य नाही. हौशी रेडिओची १९७८ची नियमावली तारा कापून समजत नाही. हौशी स्थानकावरून संगीत किंवा व्यावसायिक निरोप का पाठवायचे नाहीत, नोंदवही कशी ठेवायची, हे बसून वाचावेच लागते, आणि परवान्याविना प्रक्षेपण करून शिकण्याची वाट तर बंदच आहे. (ती बंद असावी हे योग्यच.)

जनरलसाठीचे नवे ओझे म्हणजे मोर्स, मिनिटाला आठ शब्द. ही गती कमी आहे आणि मला तरी तीच अडचणीची वाटते. तिच्यात एक बिंदू ०.१५ सेकंदाचा आणि रेघ त्याच्या तिप्पट असते. त्यामुळे पाच रेघांचा शून्य जवळपास तीन सेकंद चालतो आणि तेवढ्यात मन बिंदू-रेघा मोजू लागते. मोजायची सवय जडली, की पुढे वेग वाढत नाही. म्हणून अक्षरे जलद वाजवून मधली विश्रांती वाढवण्याची पद्धत मी धरली आहे, ज्यामुळे ‘सी’ हे अक्षर ‘डा-डि-डा-डिट’ असे एकसंध कानावर पडते. सीक्यू (कोणीही उत्तर द्यावे अशी सर्वांना घातलेली साद) आता न मोजता ओळखू येते. अंक अजून अडतात. उद्यापासून रात्री पट्ट्याच्या खालच्या टोकाला, ७.० मेगाहर्ट्झच्या लगत, फक्त कॉल साइनमधले अंक लिहून घेणार आहे.