छुसॉकच्या आदल्या दिवशी

सेऊल, १६ सप्टेंबर २०२४

उद्या अनंत चतुर्दशी आणि उद्याच इथला छुसॉक. आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा हा सण. यंदा दोन्ही एकाच दिवशी आलेत, आणि हात अजून तिळाच्या तेलाने माखलेले असतानाच हे लिहायला बसले आहे.

दीड वर्षापूर्वी इथे आले तेव्हा पहिला महिना मेतकूट-भातावर काढला. जिन्यात किमचीचा, म्हणजे तिखट आंबवलेल्या कोबीचा, आंबूस वास भरलेला असायचा, मी श्वास रोखून वर चढायचे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण आजी मात्र रोज विचारायच्या, "बाप मॉगॉस्सॉ?" जेवलीस का? भाताला आणि जेवणाला त्यांच्याकडे एकच शब्द, 'बाप'. परक्या गावात असं कुणी विचारलं की त्या माणसाच्या घरचा घास फार दिवस नाकारता येत नाही.

गोडी लागली ती ग्वांगजांग बाजारात. विजेवर फिरणाऱ्या दगडी जात्यात भिजवलेली मुगाची डाळ दळली जात होती, पीठ कडेने ओघळत होतं. त्यात मोड आलेले मूग आणि किमची घालून भरपूर तेलात जाडजूड धिरडं तळतात, बिंदेतॉक. कडा कुरकुरीत, आत मऊ. बाहेर पाऊस होता, आणि पावसात असं तळलेलं खायची इथे रीतच आहे, आपल्याकडे भजी असतात तशी. त्या दिवशी मी दोन खाल्ली. किमचीशीही मग सूत जुळलं. तिच्यात खारवलेली बारीक कोळंबी असते हे कळलं आणि तो वास एकदम ओळखीचा झाला. जवळ्यावर वाढलेल्या कोकणातल्या पोरीला तो किती दिवस परका वाटणार!

आज दुपारी आजींनी सोंगप्यॉन, म्हणजे छुसॉकला करतात ते तांदळाच्या पिठाचे सारण भरलेले गोड उंडे, वळायला बोलावलं. आपण मोदकाचे तांदूळ धुऊन सावलीत सुकवतो. इथे रात्रभर भिजवलेले तांदूळ ओलेच गिरणीवर नेतात, मीठही तिथेच पडतं. उकड काढायची नाही, पिठावर कढत पाणी घालून मळायचं. एक गोळा पांढरा, दुसरा सुक नावाच्या पाल्याचा, हिरवागार. हा पाला आपल्या दवण्याच्या कुळातला. मळताना तसाच कडसर वास आला. सारण भाजून कुटलेल्या तिळाचं आणि साखरेचं.

पारी हातात घेतली आणि माझी बोटं आपोआप कळ्या पाडायला लागली. दुसऱ्याच कळीला पारी तडकली. पीठ कच्चं, ते चुण्या कुठून धरणार? आजींनी माझा हात आपल्या हातात घेतला, पारी मिटली, मूठ आवळून आतली हवा काढली आणि अंगठ्याने कड दाबत अर्धचंद्र केला. त्यांच्या बोटांचा दाब नेमका किती, ते तेव्हा समजलं. दहाव्या-बाराव्यापासून माझेही नीट जमले.

चाळणीत पाइनच्या सुया पसरून त्यावर ते वाफवले. झाकण काढलं तर डिंकासारखा ताजा हिरवा वास घरभर पसरला. हळदीच्या पानांचा नव्हे, पण मन तिथेच गेलं. वाफेतून काढून गार पाण्यात बुडवायचे, सुया झटकायच्या, तिळाचं तेल लावायचं. मोदकापेक्षा चिवट, चावताना आतला तीळ-साखरेचा पाक एकदम जिभेवर येतो. मी ओळीने पाच खाल्ले.

आईला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "उकडीच्या करंज्या छान झाल्यात, पण खोबरं नाही घातलंस?"

मूठभर पांढरं पीठ उरलं होतं. मी वर जाऊन हिरवी मिरची आणि जिरं आणलं, वाटून पिठात मळलं आणि त्याच चाळणीत निवग्र्या उकडल्या. आजींनी एक सोया सॉसमध्ये बुडवून खाल्ली, मग दुसरी तशीच. उरलेल्या चार त्यांनी डब्यात भरून ठेवल्या. सकाळी मुलगा येणार आहे, त्याच्यासाठी.