आधी डावा हात

रविवार, रात्र

आज पुन्हा जुने पियानोवादक इग्नाझ फ्रीडमन. शोपँचं ई-फ्लॅट नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची पियानोरचना), ओपस म्हणजे रचनाक्रमांक ५५ मधलं दुसरं, १९३६ चं ध्वनिमुद्रण. यात उजव्या हाताला एकाच वेळी दोन गाणारे आवाज सांभाळायचे असतात, आणि खाली डावा हात अखंड वाहत राहतो. फ्रीडमन या तिघांना एका दावणीला बांधत नाहीत. वरचा आवाज रेंगाळतो, मधला त्याला उत्तर देतो, आणि डावा हात कधी दोघांच्याही आधी पोचलेला असतो.

त्या पिढीत हे सर्रास चालायचं. आधी खर्जातला सूर, मग किंचित मागून उजव्या हाताचा. पियानोवादक पादेरेव्स्कींच्या वादनात तर ते सतत ऐकू येतं. पुढच्या काळात ही खोड ठरली, दोन्ही हात काटेकोर एकत्र पडू लागले. मला त्याची फार हळहळ वाटते. पियानोचा सूर उमटल्या क्षणापासून विरायला लागतो, व्हायोलिनसारखा तो फुगवता येत नाही. खर्जाच्या तारा आधी जाग्या झालेल्या असल्या, की त्यांच्यावर ठेवलेला वरचा सूर गायल्यासारखा वाटतो. ते वादक हे कानानं जाणत होते.

जुन्या ध्वनिमुद्रणांतल्या खरखरीचं मला प्रेम नाही. ती गेली तर बरंच. पण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची आणि चुकलेला तुकडा कापून दुसरा जोडायची सोय नव्हती. पियानोवादक श्नाबेलनी १९३२ ते १९३५ या काळात लंडनला बेटोव्हेनचे बत्तीसच्या बत्तीस पियानो सोनाटा (अनेक भागांच्या मोठ्या रचना) ध्वनिमुद्रित केले, त्यांत निसटलेले सूर तसेच राहिले आहेत. त्यातल्याच ‘हामरक्लाव्हिअर’ सोनाटाच्या सुरुवातीला तर बेटोव्हेननं लिहिलेली अफाट लय गाठायची म्हणून ते असे झेपावतात, की बोटं मागे पडतात. त्या झेपेपुढे आजची कित्येक निर्दोष वादनं मला सावध वाटतात.

आणि वाद्यं! श्नाबेलचा बेश्टाइन पियानो, पियानोवादक कोर्तोंचा लाडका प्लेयेल. आता मोठ्या सभागृहात बहुतेक ठिकाणी स्टाइनवेच. सुंदर वाद्य आहे, पण सगळीकडे तेच.

कोर्तोंनी शोपँची चोवीस प्रेल्यूड्स (छोट्या पियानोरचना) १९२६ मध्ये ध्वनिमुद्रित केली आणि १९३३-३४ मध्ये पुन्हा. उद्या दोन्ही लागोपाठ ऐकणार आहे, डाव्या हातावर लक्ष ठेवून.