पोस्ट काढली, पण नाव टाकलं की येतेच आहे

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींच्या एका चर्चास्थळाची तक्रार निवारण अधिकारी म्हणून मी पुण्यात काम करते. कट-ऑफ किती लागेल, उत्तरतालिकेतल्या कुठल्या प्रश्नावर हरकत घ्यायची, सदाशिव पेठेत कुठली अभ्यासिका बरी, अशा चर्चा दिवसभर चालू असतात. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क स्थळावर जाहीर करावा लागतो. बहुतेक लोक मेल करतात. 2023 मधल्या त्या दिवशी मात्र सकाळी थेट फोन आला.

"मॅडम, मी तुमच्याकडे सदस्यसुद्धा नाही. पण माझ्या नावाने काहीतरी लिहिलंय."

मी लिंक मागितली. ती म्हणाली, "मला ती परत उघडवत नाही. तुम्ही नुसतं माझं नाव आणि गाव टाका. दिसेल."

दिसलं. सगळ्यात वर स्थानिक वृत्तपत्रातली बातमी होती, सरकारी पदाच्या निवड यादीत तिचं नाव आल्याची. फेटा बांधलेला फोटो, शेजारी आईवडील. त्याच्या लगेच खाली आमचं स्थळ. ते उघडायचीही गरज नव्हती. गूगल प्रत्येक निकालाखाली मजकुराच्या दोन ओळी दाखवतं, त्या दोन ओळींतच तिचं पूर्ण नाव, मोबाइल नंबर आणि रात्री किती वाजता फोन करायचा ते होतं. बाकीचं मी इथे लिहिणार नाही. कट-ऑफच्या एका जुन्या धाग्यावर, म्हणजे एका विषयावरच्या सलग चर्चेच्या पानावर, कोणीतरी नवा आयडी काढून, ती स्वतःच बोलतेय अशा भाषेत तो प्रतिसाद टाकला होता. त्या आयडीने त्याआधी किंवा नंतर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

रात्री-अपरात्री फोन कित्येक महिने येत होते. राँग नंबर म्हणून ती ब्लॉक करत राहिली. निवड झाल्यावर गावात फ्लेक्स लागले, सत्कार झाला, आणि कौतुकाने तिचं नाव गूगलवर टाकणाऱ्यांना ही पोस्ट सापडायला लागली. एका रात्री फोन वडिलांनी उचलला. "बाबा काहीच बोलले नाहीत, मॅडम. फोन ठेवला आणि अंगणात जाऊन बसले. सकाळपर्यंत आत आले नाहीत." मी "तुम्ही" म्हणत होते, तर मध्येच म्हणाली, "मला अगं म्हणा, मी लहान आहे तुमच्यापेक्षा."

संताप इतका झाला होता की हात थेट डिलीटच्या बटणाकडे जात होता. पण आधी पुरावा. पोस्ट नुसती उडवली तर उद्या पोलिसांपुढे तिच्या हातात काय राहणार? संपूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, त्यात वरचा पत्ता आणि वेळ दिसेल असा. शोधाच्या पानाचाही वेगळा. डेटाबेसमधली ती मूळ नोंद, आयडी काढताना दिलेला मेल, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), तारीख-वेळ, सगळं बाजूला काढून त्याची हॅश व्हॅल्यू, म्हणजे एक अक्षर बदललं तरी बदलणारा त्या मजकुराचा ठसा, नोंदवली, म्हणजे नंतर कोणी फेरफार केल्याचा आरोप करू शकणार नाही. काढलेला मजकूर तपासासाठी 180 दिवस जपून ठेवणं नियमानेही बंधनकारक आहे. दुसऱ्याच्या नावाने तोतयेगिरी करणाऱ्या मजकुरासाठी तेव्हा 24 तासांची मुदत होती. आम्ही तासाभरात पोस्ट काढली.

तिला कळवलं. थोड्या वेळाने तिचाच फोन. "मॅडम, नाव टाकलं की अजून येतेच आहे."

आमच्या क्षेत्रात बरेच जण इथेच तक्रार बंद करतात. आमच्याकडून मजकूर काढला, पुढचं गूगल बघेल. मला हे कधीच पटलेलं नाही. तिला त्रास आमच्या डेटाबेसमधल्या नोंदीचा होत नव्हता, नाव टाकल्यावर जे दिसतं त्याचा होत होता. ते दिसायचं थांबत नाही तोवर तक्रार उघडीच.

आमच्या तांत्रिक विभागातला मुलगा मदतीच्या तळमळीने म्हणाला, "ताई, रोबॉट्सच्या फाइलमध्ये तो धागाच बंद करून टाकतो, गूगल आत येणारच नाही." कुठल्या पानांवर यायचं नाही हे शोधयंत्रांना सांगणारी ती फाइल. त्याला थांबवलं. ही पळवाट दिसायला सोपी आहे आणि नेमकी उलटी पडते. गूगलच्या यंत्राला दारातच अडवलं तर पोस्ट काढली गेली आहे हे त्याला कळणार कसं? जुना पत्ता यादीत तसाच लटकत राहू शकतो. दार उघडं ठेवायचं आणि आत आल्यावर स्वच्छ सांगायचं की हे पान कायमचं गेलं. त्यासाठी 410 हा कोड असतो.

मग पत्ते शोधायला बसलो. एकच प्रतिसाद किती ठिकाणी असावा! धाग्याचं पान, त्या प्रतिसादाचा स्वतंत्र दुवा, छापण्यासाठीचं पान, मोबाइलची आवृत्ती, त्या आयडीचं सदस्यपान, शिवाय "नवीन प्रतिसाद" ची जुनी यादी. धाग्यावर बाकीच्या मुलांची साधी चर्चा होती, तो ठेवला आणि त्याच्या शोधातल्या त्या दोन ओळी पुसून टाकायची विनंती पाठवली. उरलेल्या पत्त्यांना 410 लावला आणि सर्च कन्सोलमधून, म्हणजे स्थळचालकांसाठीच्या गूगलच्या साधनातून, ते लपवायला सांगितले. ही सोय साधारण सहा महिनेच टिकते, पण तोवर यंत्र पुन्हा येऊन 410 बघून जातं, म्हणून पुरते.

नावाचं स्पेलिंग ही आणखी एक डोकेदुखी. देवनागरीत एकच रूप, रोमनमध्ये आडनावाची तीन-चार. शेवटी ए लावला की वेगळे निकाल, न लावला की वेगळे. नाव आणि गाव, नाव आणि तालुका, नाव आणि पद, नुसता मोबाइल नंबर. तिच्या भावी कार्यालयातला माणूस काय टाकून बघेल, सोयरिकीला येणारे काय टाकतील, असा विचार करत एकेक तपासत गेले. नुसत्या नंबरावर एक भलतंच स्थळ सापडलं. आमची पानं आपोआप उचलून स्वतःवर चिकटवणारं, परदेशातलं कुठलं तरी. तिथे पोस्ट जशीच्या तशी होती. तक्रारीला उत्तर येईना. गूगलने 2022 पासून फोन नंबर, घरचा पत्ता असला खाजगी संपर्क शोधातून काढण्यासाठी अर्जाची सोय केली आहे. तो अर्ज तिच्याकडूनच भरून घेतला. फोनवर एकेक रकाना वाचत, ती टाइप करत. त्या स्थळावर मजकूर राहिला, पण तिच्या नावावर किंवा नंबरावर तो येणं पुढे बंद झालं.

त्याच दुपारी एका क्लासचालकाच्या वकिलांची नोटीस आली होती. क्लासच्या जाहिरातीतली निकालाची संख्या फुगवलेली आहे, फी परत मिळत नाही, असं मुलांनी लिहिलं होतं. ते सगळं 24 तासांत काढा, नाहीतर कोर्टात खेचू. ते मी काढलं नाही. लिहिणारे नियमित सदस्य होते, कोणी पावत्या लावल्या होत्या, कोणाचाही खाजगी नंबर नव्हता, शिवीगाळ नव्हती. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच स्पष्ट केलंय की कोणी मागणी केली म्हणून मजकूर काढायची सक्ती मध्यस्थावर, म्हणजे इतरांचा मजकूर दाखवणाऱ्या आमच्यासारख्या स्थळावर, नाही, त्यासाठी न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश लागतो. तसं उत्तर पाठवलं आणि क्लासला त्याच धाग्यावर आपली बाजू मांडायला सांगितलं. फी बुडालेल्या मुलाची तक्रार आणि एका मुलीच्या नावाने लिहिलेली घाण एकाच तराजूत घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एकाचं ओझं दुसऱ्यावर टाकून दोन्ही पुसून टाकणं सोपं असतं, त्यात भरडली जातात ती तक्रार करणारी मुलं.

संध्याकाळी तिने विचारलं, "कोण आहे तो, मॅडम? तुम्हाला माहीत असेल ना?" मेल आणि आयपी माझ्यासमोर होता, पण तो तिला देता येत नाही, द्यायलाही नको. तिला सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार करायला लावलं आणि सोबत जोडायला स्क्रीनशॉट दिले. पुराव्याच्या कायद्यातल्या तेव्हाच्या 65 ब कलमाखालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र तपास अधिकाऱ्यांसाठी तयार ठेवलं. पोलिसांची लेखी मागणी आल्यावर 72 तासांत माहिती देणं आमचं बंधन, ती मागणी आली त्याच दिवशी दिली. मोबाइलच्या एका आयपी पत्त्यामागे एका वेळी शेकडो लोक असू शकतात, म्हणून सेकंदापर्यंतची वेळ दिली. माणूस सापडला. तिच्याच अभ्यासिकेतला होता, तिने त्याला नकार दिला होता. प्रकरण आता न्यायालयात आहे.

आमच्याकडेही एक बदल करून घेतला. नव्या आयडीचे सुरुवातीचे प्रतिसाद आता संपादक बघेपर्यंत शोधयंत्रांना दिसत नाहीत, आणि दहा आकडी नंबर असलेला प्रतिसाद आपोआप अडतो. गूगलवरून येणारी वर्दळ घटेल म्हणून बैठकीत बराच विरोध झाला. मी त्या दिवशीचा शोधाच्या पानाचा स्क्रीनशॉट, तिचं नाव झाकून, सगळ्यांसमोर ठेवला. नियम मंजूर झाला. वर्दळ थोडी घटली, ती अजून पूर्ण भरून आलेली नाही, आणि मी तो नियम सैल करू देणार नाही.