दोन रंगांतला राजवाडा

इंदूरमध्ये आठवी ते दहावीच्या मुलामुलींना सुट्टीत ग्राफिक डिझाइन शिकवताना मी टी-शर्टपासून सुरुवात करते, कारण जे स्वतः अंगात घालून मित्रमंडळींत मिरवायचे असते, त्याकडे ही मुले फार कठोरपणे पाहतात. अट एकच असते, रंग दोनच वापरायचे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे जाळीतून शाई कापडावर दाबून छापताना, प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी तयार करावी लागते, त्यामुळे रंग वाढला की खर्च वाढतो आणि एका रंगावर दुसरा नेमका बसवणे अवघड होते; शिवाय काळ्या कापडावर फिकट रंग खुलावा म्हणून खाली पांढऱ्याचा थर द्यायचा, तर त्यालाही एक जाळी लागते.

टी-शर्टवर इंदूरचा राजवाडा, म्हणजे होळकरांचा जुना वाडा, बहुतेकांना हवाच असतो, आणि त्याची प्रत्येक खिडकी काढण्याचा मोह कोणालाही आवरत नाही. अशा वेळी मी चित्र प्रत्यक्ष आकारात कागदावर छापून भिंतीवर लावते आणि दहा फुटांवरून पाहायला सांगते. मग कोणाच्या तरी लक्षात येते की खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत, आणि हा भेद दाखवायला दोन रंग पुरतात.

अक्षरांचा प्रश्न याहून नाजूक आहे. देवनागरीतल्या बारीक मात्रा कापडावर तुटतात, ‘क्ष’च्या गाठीत शाई भरते आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, म्हणून संगणकातला तयार फाँट जसाच्या तसा घेणे मला मान्य नाही, अक्षरे आधी हातानेच काढायची.